आखूड दांडा

कुंभकोणम्,
११ नोव्हेंबर २०२४

ति. हरिणीअक्कास,
विघ्नेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. माझा फोन कावेरीत गेला. मायवरमला तुलास्नानाची गर्दी बघायला गेलो होतो (स्नानाला नाही, गर्दी बघायला), घाटावर एका म्हाताऱ्या बाईंचा तोल गेला म्हणून हात पुढे केला. बाई वाचल्या, वरचा खिसा रिकामा झाला. तुला हे खोटं वाटणार. वाटू दे. तसंही अप्पा म्हणायचेच की आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की दुसऱ्या वाक्याला तमिळमध्ये घसरतो, घरची मराठी राहायला हवी असेल तर पत्रं लिहा. त्यांनी शिकवलेली अक्षरं अजून येतात. ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे.

तू वाढदिवसाला पाठवलेले सायकलीचे पाइप मामांच्या दुकानात नीट पोचले. इतके हलके आहेत की मामांनी एक उचलला आणि आत काही आहे का म्हणून डोळ्याला लावून बघितलं. मामी म्हणाली, दुर्बीण झाली, आता सायकल कधी होणार.

तू पाइप पाठवलेस, पण कशासाठी हे नीट विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. मी स्वामिमलैच्या बसमध्ये होतो आणि खिडकीतून काहीतरी विचित्र दिसलं म्हणून सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरलो. भात वाळवायचं सिमेंटचं खळं, आणि त्यावर माणसं सायकलीवर बसून हॉकी खेळत होती. याला सायकल पोलो म्हणतात. दोन्हीकडे तीन-तीन जण, प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याची मॅलेट, म्हणजे क्रोकेची हातोडी असते तशी, आणि एक छोटा कडक चेंडू. पाय जमिनीला टेकला की तुझा खेळ थांबला. कडेच्या खांबाला मॅलेट लावून यायचं, मग परत चेंडूला हात. मी स्वामिमलैला त्या दिवशी पोचलोच नाही.

तिथला मुख्य विजयराघव. तो बंगळूरला असताना हे शिकला. तो, त्याची बहीण, आणि तिसरा मी. किंवा जानकीराम. हे ‘किंवा’ महत्त्वाचं आहे. पोंगलनंतर पुदुच्चेरीला सामने आहेत. विजयराघवनं सरळ सांगितलं की तू खेळतोस बरा, पण तुझी ही दूधवाल्याची सायकल वळायला लागली की मध्ये एक गाव लागतं. पुदुच्चेरीपर्यंत वळणारी सायकल आण, नाहीतर जानकीराम. अक्का, माझ्यासाठी कोणी जागा राखून ठेवली आहे असं फार दिवसांत झालेलं नाही, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून मामांना फ्रेम बांधून द्याल का विचारलं. आणि इथंच मला वास यायला लागला. मामा लगेच हो म्हणाले. मामा, जे पंक्चरचं ठिगळ लावतानाही अर्धा तास लोकांच्या चालवण्याच्या सवयीवर बोलतात, ते एका शब्दात हो म्हणाले. वर म्हणाले, माझ्याकडून समज. कसली भेट, कशाबद्दल, काही नाही. तीनचाकी आणि हातगाड्या बांधण्यात त्यांचा हात बसलेला आहे, फ्रेम त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते हो म्हणणं.

मग दुकानाच्या फरशीवर खडूनं आखायला बसलो आणि तिथं आमचं वाजलं. पोलोची फ्रेम म्हणजे दोन्ही चाकं जवळ, पुढचा चिमटा उभा, पायडल उंच म्हणजे वळताना जमिनीला घासणार नाही. ते सगळं मला मान्य. पण माझं म्हणणं, मागचे दांडे थोडे लांब ठेवा आणि कॅरियरला छिद्रं पाडा, म्हणजे पुदुच्चेरी झाली की तशीच समुद्राच्या कडेकडेनं रामेश्वरपर्यंत जाता येईल. मामा म्हणाले, एकाच फ्रेमीवर गोल आणि रामेश्वर दोघं बसत नाहीत, कुणाला उतरवायचं ते सांग. आणि खडूनं माझे मागचे दांडे पुसून आखूड केले. मी पुन्हा लांब केले. त्यांनी पुन्हा पुसले. इतका आग्रह का?

सविस्तर लिही. तिकडे थंडी पडली असेल, या भावावरची माया तेवढी गोठू देऊ नकोस.

तुझा,
विघ्नेश


पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. विघ्नेशास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी दोन ओळी वाकून वाचल्या आणि म्हणाल्या, तुमच्या भावाची मराठी गोड आहे हो, पण जरा कोर्टाच्या जुन्या कागदासारखी. मी त्यांना तू बारावीनंतर काय काय सोडलंस ते सांगितलं नाही. फोन कावेरीला अर्पण केल्याची गोष्ट मी मानते. लिंबूसरबतासारखी ढवळून सांगतोस, पण खाली थोडं खरं असतं.

आता मामा. लगेच हो म्हणाले? विघ्नेश, मामा आपल्या सख्ख्या मेहुण्याला पंप देतात, पण हवा त्यालाच मारायला लावतात. ते काही न बोलता हो म्हणत असतील तर तू घरात कोण आहे ते बघ. शरण्या आहे. तिचं शिक्षण झालं, तिरुभुवनम्च्या विणकरांच्या सोसायटीत नोकरी लागली, वय झालं. आणि आपल्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे तुला माहीत आहे. आजीचं लग्न तर तिच्या सख्ख्या मामाशीच झालं होतं. हे मी इथं एकदा डब्याच्या वेळी सांगितलं, तर दोघींनी भाजी बाजूला ठेवली.

तेव्हा सावध. सायकलीसाठी पाय मोजतील, ते ठीक. हातही मोजतील. पण खांदे मोजायला लागले की समज, रिसेप्शनचा कोट शिंप्याकडे टाकताहेत.

मस्करी बाजूला. मामांचं ऐक. तुला पोलो खेळायचं आहे ना, मग पोलोची सायकल कर. तू पॉलिटेक्निकमध्ये असताना तुझा एक पाय प्रिंटिंग प्रेसमध्ये होता, प्रेसमध्ये असताना एक पाय कोडैकानलच्या बसमध्ये. एकदा तरी असं कर की ज्यात कॅरियरला छिद्रं नाहीत. आई असती तर तिनं हेच वेगळ्या आवाजात सांगितलं असतं.

मामा-मामींना नमस्कार. रागावलास तरी रागातही लिहीत जा, मला तेही चालतं.

तुझी,
हरिणीअक्का


कुंभकोणम्,
२७ नोव्हेंबर २०२४

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. वि. म्हणजे आज जास्तीचा एक वि., विनवणीचा.

खांदे, अक्का. मामांनी खांदे मोजले.

पहिल्यापासून सांगतो. शनिवारी पाऊस होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी शटर अर्धं ओढलं आणि मला भिंतीला टेकवून उभं केलं. मांड्यांमध्ये शरण्याचं कॉलेजचं जाड पुस्तक धरायला लावलं, टाचेपासून पुस्तकापर्यंत माप. हे मला ठाऊक होतं, विजयराघवनंही तसंच मोजलेलं. मग बसवून पाठ. मग हात. आणि मग शिंप्याची टेप, खरी शिंप्याची, पितळेच्या टोकाची, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मी विचारलं, हे कशाला. म्हणाले, हँडल किती रुंद ते कसं कळणार. उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरं आवडत नाहीत.

आता बाकीचं ऐक आणि तूच सांग. मामी आणि शरण्या गेल्या आठवड्यात तिरुभुवनम्हून मोठं बोचकं घेऊन आल्या. मला बघून मामीनं ते तांदळाच्या पिंपामागे सरकवलं. मी काही चोरून बघणारा नाही, पण मांजराच्या मागे गेलो होतो आणि दिसलं. जरीच्या काठाची रेशमी वेष्टी, तुझ्या पुण्यातलं धोतर. नवरदेवाची असते ती. मग एक गृहस्थ मंडपाबद्दल बोलायला आले, मी कॉफी घेऊन बाहेर गेलो तर सगळे एकदम पावसावर बोलायला लागले. मग राधाकृष्ण शास्त्री आले. पंचांग उघडलं, मामींशी हळू आवाजात काही झालं, आणि मला हाक मारून विचारलं, नक्षत्र काय, रास काय. मी सांगितलं. त्यांनी मान अशी डोलावली जशी लोक आंब्याची पेटी उघडून डोलावतात. आणि शरण्या. ती मला बघितलं की तोंडावर पदर धरते आणि आत पळते. लाजून नाही, हसून. म्हणजे तिला सगळं माहीत आहे.

मी लग्नाच्या विरुद्ध नाही. शरण्याच्याही नाही, ती हुशार आहे, मला दोन मिनिटांत विकून खाईल. पण मला कोणी न विचारता बांधलेलं चालत नाही. आता तो आग्रह कळला ना? मागचे दांडे आखूड, कॅरियर नाही, छिद्रं नाहीत. म्हणजे पोराला सायकल द्यायची, पण गावाबाहेर जाणारी द्यायची नाही.

म्हणून मी काय केलं ते तुलाच सांगतो. टेप लागली तेव्हा मी आखडलो. खांदे आत घेतले, पाठीला पोक काढलं, हात सरळ केल्यासारखा दाखवून कोपर जरा दुमडून ठेवलं. म्हटलं, शिवू दे कोट, अंगात जाणारच नाही. भर मंडपात बटणं तुटतील. मामांनी चष्मा कपाळावर घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टेप लावली. मी पुन्हा आखडलो. आकडे त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिले आणि एवढंच म्हणाले की तुला विहिरीचं पाणी ओढायची कधी वेळ आली नाही असं दिसतं, हात लहान राहिले.

मॅलेट मात्र झकास झाली आहे. बांबू आडुतुरैहून आणला, तिथं बांबू बघत बघत दुपार गेली, एका शेतात बदकं राखणारा माणूस भेटला, त्याची एकेक बदकाला वेगळी हाक. ते पुढच्या वेळी.

तू काय समजतेस ते लवकर लिही. तुझा लोभ हाच सध्या माझा बिनसंशयाचा एक कोपरा आहे, तो झाडून ठेव.

तुझा,
विघ्नेश


पुणे,
५ डिसेंबर २०२४

चि. विघ्नेशास,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कान पकड.

तुझं पत्र वाचून मी हसले, मग घाबरले, मग मामीला फोन लावला. तुला बोलवायला सांगितलं, तर म्हणे तू सकाळीच बदकवाल्याकडे गेलास. तिला तरी काय सांगणार? की तुमच्या भाच्यानं खांदे चोरले? म्हणून इकडचं तिकडचं विचारत गेले, आणि मामीनं स्वतःच सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायला ती टपलीच होती.

लग्न आहे. मामांचं आहे. मामींशीच.

पोंगलला लागणाऱ्या तै महिन्यात मामांना साठ वर्षं पुरी होतात. षष्ट्यब्दपूर्ती आहे, वेड्या. मंडप त्याचा, शास्त्री त्याचे, रेशमी वेष्टी साठीच्या नवरदेवाची. ते केस काळे करतात म्हणून आपण त्यांना पन्नाशीचे समजतो. नक्षत्र-रास विचारली ती संकल्पात घरच्यांची नावं घ्यायची म्हणून. शरण्यालाच मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, विघ्नेशअण्णा मला बघितलं की न्हाणीघराकडे पळतात, मला हसू आवरत नाही. तिला तू नको आहेस. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात कोणी आहे, नाव सांगत नाही, पण आवाज बदलला.

आणि तुझ्यापासून का लपवलं तेही ऐक. अप्पांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तू धनुष्कोडीला निघून गेला होतास, ते मामा विसरलेले नाहीत. घरात कार्य आहे असं कळलं की हा पोरगा पिशवी उचलेल, असं ते मामीला म्हणाले. त्यांना मुलगा नाही. दोघांच्या डोक्यावर कलशाचं पाणी घालायला शास्त्री आधी मुलाला बोलावतात, आणि त्यांना तिथं तू हवा आहेस. म्हणून ही भेटीची सायकल, म्हणून तो एका शब्दातला हो.

कोटाची मस्करी माझीच होती, तिचं पाप माझ्याकडे. पण तू आता हे पत्र वाचतो आहेस तिथूनच उठ आणि मामांना जाऊन खरी मापं दे. कारण सांगायला लाज वाटली तर सांगू नकोस, पण माप दे. पाइप एकच संच आहे, ज्या कंपनीकडून मागवले तिच्याकडे आता तसले नाहीत. कापलेला पाइप वाढत नाही. आणि त्या सायकलीशिवाय तू पुदुच्चेरीला जात नाहीस.

घरच्या फोनवर हे बोलले तर मामा ऐकतील, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं टाकते. माझ्यावर विश्वास ठेवायची सवय मोडली असेल तर आज पुन्हा लाव.

तुझी,
अक्का


कुंभकोणम्,
१२ डिसेंबर २०२४

ति. अक्कास,
सा. न.

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारतो. तो आता मला बघून दुसऱ्या गल्लीतून वळतो, तोही त्यांना सामील असेल.

सायकल झाली. आणि संपली.

दिसायला काय देखणी आहे हे सांगायला हवं. मामांनी सगळे जोड पितळेनं केले, एकेक जोड कानशीनं घासून असा गुळगुळीत की अंगठा फिरवला तर कुठं संपतो कळत नाही. काल मी आणि ती खळ्यावर गेलो. सरळ जाताना वाऱ्यासारखी. विजयराघव म्हणाला, ये, वळ. मी वळलो. हँडल पुरतं फिरवलं आणि पुढचं चाक माझ्या बुटाच्या टोकावर आदळलं. पाय खाली. खांबाला मॅलेट लावून आलो, पुन्हा वळलो, पुन्हा पाय खाली. तिसऱ्यांदा मी पूर्ण आडवा. विजयराघवची बहीण म्हणाली, खांबालाच बांधून घे, फेऱ्या वाचतील. जानकीराम हसला नाही. तो सायकलीकडे बघत राहिला, हे जास्त लागलं.

कारण सरळ आहे. हँडलपासून सीटपर्यंतचा वरचा दांडा आखूड झाला. तो आखूड म्हणजे पुढचं चाक पायाच्या जवळ. जे वळण घेण्यासाठी सायकल बांधली तेच तिला घेता येत नाही. विजयराघवनं पोंगलपर्यंत मुदत दिली आहे, पण त्याच्या तोंडावर जानकीरामचं नाव लिहिलेलं होतं.

तू म्हणशील, तू आखडला होतास. होतो. मी नाही म्हणत नाही. पण म्हणून मी घरी येऊन शिंप्याची तीच टेप घेतली आणि वरचा दांडा मोजला. भिंतीवर माझ्या मापांखाली त्यांनी काढलेला दांड्याचा आकडा खडूनं अजून आहे. अक्का, दांडा त्या आकड्याहूनही आखूड आहे. दोन बोटं. मी चोरली ती वेगळी, ही दोन वेगळी. हातगाडीचा दांडा मांजराच्या मिशीइतका चुकला तरी पुन्हा कापणारा माणूस. त्याच्याकडून दोन बोटं चुकतात? मुद्दाम केलं आहे. मी पुदुच्चेरीला जाऊ नये म्हणून. तिथं जिंकलो तर इथं राहणार नाही, आणि इथं राहिलो नाही तर मंडपात उभं कोणाला करणार.

मी मामांना काही बोललो नाही. ते जेवताना म्हणाले, कशी चालते. मी म्हटलं, छान. ते म्हणाले, हं. मग आम्ही दोघं ताटाकडे बघून जेवलो.

पिशवी भरली आहे. नागपट्टिनमची सकाळची बस आहे. तिथून पुढे बघू. हे पत्र टाकतो आणि निघतो. पत्ता कळवीन. जिथं असेन तिथं तुझ्या मायेचा हिस्सा मागून घेईन.

तुझा,
विघ्नेश

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पोस्टमन आला. तुझं पत्र ओट्यावर बसून वाचलं. साठ. ते साठ वर्षांचे आहेत हे मला का कळलं नाही? मामी आत ताक घुसळते आहे. मी दुकानात जातो.


कुंभकोणम्,
१८ डिसेंबर २०२४

चि. कु. हरिणीस,
कृष्णमूर्तीमामाचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम, तिकडील क्षेम दोन ओळींनी का होईना लिहीत जाणे.

तुझ्या मामीनं तुला सगळं सांगितलं, ते मला कळलं. तिच्या पोटात साखरही विरघळत नाही. असो, बरंच झालं.

गुरुवारी विघ्नेश दुकानात आला. मी एका शाळकरी मुलीच्या सायकलीची चेन लावत होतो. तो पंपाशेजारी उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. कोट, खांदे, कोपर, पोक, बटणं तुटणार होती तेही. ती मुलगी तोंड उघडून ऐकत होती. कोटाचं ऐकून मी हसलो. मला असं हसू फार दिवसांनी आलं, आणि त्यालाही आलं. तो म्हणाला, मामा, चूक माझी, पाइप मी वाया घालवले. मी म्हटलं, जाऊ दे. यापुढचं मला बोलायचं होतं ते बोललो नाही, म्हणून तुला लिहितो.

तो आखडतो आहे हे मला पहिल्याच मापाला दिसलं होतं. चाळीस वर्षं माणसांना सायकलीवर बसवतो आहे, सरळ हात आणि दुमडलेलं कोपर मला कळतं. पण मी विचारलं नाही. माझ्या मनात आलं, याला माझ्या हातची वस्तू नको आहे, अंगाला लावून घ्यायची नाही. मग दुसरं आलं. मी छिद्रं पाडली नाहीत तरी हा कुठूनतरी पाडून आणेल, पिशव्या बांधेल आणि कार्याच्या आदल्या दिवशी रामेश्वरच्या वाटेला लागेल. तुझ्या अप्पांच्या वेळी तुझी आई दारात उभी राहिली होती, ते मी पाहिलं आहे. वर्षभरात तीही गेली. तर पाइप कापताना करवत आकड्यावर ठेवली, आणि मग दोन बोटं आत घेतली. इतक्या आखूड सायकलीवर लांब कोणी जात नाही, गुडघे आणि कंबर ऐकत नाहीत. चाक पायाला लागेल हे मला ठाऊक होतं. खेळाचं नुकसान होईल हेही. माझ्या मनानं तेवढ्यापुरतं खेळाला हलकं धरलं.

त्यानं आपली चोरी माझ्या तोंडावर सांगितली. माझी मला सांगता येत नाही. त्याच्यासमोर बसलो की तोंड तमिळमध्ये पळतं आणि तिथंही दुसरंच काहीतरी बोलतं. तू मोठी बहीण आहेस, तुला योग्य वाटलं तर त्याला सांग, नाही वाटलं तर हे पत्र फाडून टाक. तो विचारेल का, हे रोज बघतो. तो विचारत नाही. भिंतीवरचा आकडा मात्र त्यानं पुसलेला नाही आणि मलाही पुसवत नाही.

कार्याला अवश्य ये. म्हातारा नवरदेव बघायला येत नसलीस तरी मामीच्या साडीसाठी ये. आमच्यावर जीव आहे तो असाच ओला राहो.

तुझा,
कृष्णमूर्तीमामा


कुंभकोणम्,
२१ जानेवारी २०२५

ति. अक्कास,
विघ्नेशचा नेहमीचा नमस्कार, तोच, पण इस्त्री केलेला.

मामांचं पत्र तू जसंच्या तसं आत घालून पाठवलंस. वर तुझी एकच ओळ, की निवाडा करायला मी नाही. बरं केलंस.

खरं सांगतो, वाचलं आणि पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं. माझा संशय बरोबर होता, निदान निम्मा. मग राग आला. रागात बसस्टँडपर्यंत गेलो, पिशवीसकट. तिथं कंडक्टर आणि एक आजोबा कोंबडीच्या तिकिटावरून भांडत होते, कोंबडी पिशवीत आहे की हातात, यावर तिकीट ठरतं म्हणे. ते ऐकता ऐकता बस गेली. आणि माझ्या लक्षात आलं की मी निघालो तर मामांना कळेल की मला कळलं. त्यांची सुटका होईल. मी परत आलो.

सायकल मी जानकीरामला दिली. त्यानं ती आपणहून कधी मागितली नसती. त्याचे हात खरोखरच तेवढे आहेत, जेवढे मी खोटे दाखवले होते, किंबहुना दोन बोटं कमी. त्याचा पाय चाकाला लागत नाही. खळ्यावर त्यानं पहिलं वळण घेतलं तेव्हा विजयराघव नुसता शीळ घालत राहिला. पुदुच्चेरीला तोच गेला. मीही गेलो, कडेला, पाने आणि ट्यूब घेऊन. दोन सामने हरलो, तिसरा जिंकलो, त्यात दोन गोल जानकीरामचे. मी टाळ्या वाजवल्या. पूर्ण मनानं वाजवल्या असं लिहिलं तर तू लगेच ओळखशील.

सायकल दिली हे मामांना सांगायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती, त्यांच्या हातची भेट होती ती. ते एवढंच म्हणाले, त्याला सीट अर्धा इंच वर घ्यायला सांग.

आता घरात काय चाललं आहे ते ऐक. मामा रोज विचारतात, अक्काचं पत्र आलं का. मी म्हणतो, आलं. काय म्हणते? म्हणते, पुण्यात फार थंडी आहे. मामा हं म्हणतात आणि पंप पुसायला घेतात. काल स्वतःहून म्हणाले की हरिणीला विचार, तसले पाइप दुसरीकडे मिळतात का, पुन्हा बांधू. आणि यावेळी मागचे दांडे लांब ठेवू, कॅरियरला छिद्रंही पाडू, तुझं रामेश्वर राहून गेलं. अक्का, जो माणूस खडूनं दहा वेळा माझे दांडे पुसत होता, तो आपणहून रामेश्वर काढतो. मला संशय येणार नाही? मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नको मामा, पोलोचीच करा. चाकं जवळ, चिमटा उभा, मागचे दांडे आखूड. वरचा दांडा मात्र मी म्हणेन तेवढा. त्यांच्या हातातला पंप थांबला. बहुतेक आता त्यांना वाटतं आहे की मला कळलं. नक्की कळलं की नाही, ते त्यांना कळत नाही.

तू पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पोचशील तेव्हा ते तुला पहिल्यांदा बाजूला घेतील. सामान घ्यायच्या निमित्तानं घेतील, की न्हाणीचं पाणी तापलंय सांगायच्या. विचारतील, सांगितलंस का त्याला. तू म्हण, कसलं काय मामा, मला तर तुमचं पत्रच मिळालं नाही. मामा हे गुपित किती दिवस निभावतात ते मी इथं बघणार आहे, त्यामुळे इतक्यात कुठं जात नाही. कलश मीच धरणार आहे. पाणी गार ठेवायला मामींना सांगितलं आहे, त्यांना हसू आवरलं नाही.

येताना स्वतः ये आणि आपला लोभ हातातल्या पिशवीतून आण, सामानात टाकू नकोस.

तुझा,
विघ्नेश